पंपातला पंखा

२२ ऑक्टोबर, मंगळवार
पोराचं, मंगेशचं पार्सल आलं. नेव्ही सोडून तो जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागलाय. माझी साडी – किंमत खोडलीय, तरी दिसते, ९५०! ह्यांचं स्वेटर. काजू अर्धा किलो. टपालखर्च ३४०. तळाशी गोणपाटात जहाजाच्या पंपातला पंखा, पितळेसारखा, काळा पडलेला. सोबत त्याच्या चित्राचा कागद नि चिठ्ठी – ‘देवाजीकाकाले देजो. असाच नवा ओतायचा हाय.’
देवाजी आमच्या गल्लीतले ओतारी. ते लेकीकडे तुमसरला. दिवाळीनंतर येतील.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
बाजारात भांडेवाला बसला होता. सासूबाईंची रीत – जुनं मोडीत दिल्याबिगर नवं भांडं घरात आणायचं नाही. पंखा दिला. नवा ओतायचाच आहे, चित्र कागदावर आहेच! देवाजी जुन्या धातूत घट फार धरतात, वितळताना जळेल म्हणून वजन कापतात; भांडेवाला पूर्ण वजन लावतो. समई आली, वर देवाजीला द्यायला पैसेही उरले. लक्ष्मीमातेची कृपा.

५ नोव्हेंबर
देवाजी आले. “वयनी, पंखा कोठी हाय?”
मी कागद पुढे केला.
“चित्र पाहून पात्याचा पीळ कसा धरू वो? अंगाचं माप न घेता चोळी शिवते काय कोनी?”
हे म्हणाले, “हिची काटकसर! आता जहाजबी बुडवते.” मला हसू आलं नाही.
तसेच साकोलीला गेलो, भांडेवाल्याच्या घरी. पंखा भट्टीत गेला होता!

रात्री मंगेशला फोन केला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. म्हणाला, “आई, मी नेव्हीत ज्या जहाजावर होतो ना, क्षेपणास्त्रवाली फ्रिगेट, त्या जातीचे सहाच जहाज बनले. तीन भंगारात गेले. पंप बनवनारी कंपनी बंद. मंग मेलेल्या जहाजाचं काढून जित्याले लावतेत. तो पंखा तसाच काढलेला, अखेरचा.”
नमुना गावी पाठवायला कारखान्याचा मालक तयार नव्हता. आमच्याकडचे ओतारी करतील म्हणून यानंच हट्ट धरला. चिठ्ठी वाचून एक फोन करायला मला काय झालं होतं?

९ नोव्हेंबर
समई लावली नाही. देवीपुढे पणतीच.

१४ नोव्हेंबर
सुनेचा, टीनाचा फोन. हळू आवाजात. “आई, तुमाले सांगू नको म्हनलं होतं त्याइनं.” माझ्या फोनच्या दुसऱ्या दिवसापासून मंगेश घरीच बसून आहे, काम गेलं. मालकाला म्हणाला, माझ्याच हातून हरवला. मालक म्हणतो, विकून खाल्ला असशील.
पंधरा वर्षं नेव्हीत काढली पोरानं. एक डाग नाही.
तिच्याकडून मालकाचा पत्ता मागून घेतला.

१६ नोव्हेंबर
ह्यांना न विचारता मालकाला रजिस्टर पत्र टाकलं. लिहिलं – पंखा मंगेशनं विकला नाही. मी विकला, त्याच्या आईनं. तो मला झाकायला खोटं बोलला. कामावर घ्या, न घ्या, पण त्याला चोर म्हणू नका. तसं उलट टपाली कळवावं.