खारबंदरचे खळे आणि माझा मुलगा

मी, मीरासाहेब दाऊद, वय सत्तरच्या आसपास, मूळ राहणार खारबंदर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुलगी शमीम हिच्या घरी, कासारवाडी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. मान मात्र खाली आहे. कारण पुढे येईल.

१. बंदरावरचे घर व पोस्टातली शिल्लक मुलगा इनायत आणि शमीम यांना शरीयतीप्रमाणे जावी. माझ्या लाजेने इनायतचा हक्क बुडत नाही.

२. मासे सुकवायचे माझे खळे आमच्या गावची विधवा कनीज हिला द्यावे. वारसांबाहेर देता येतो त्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात ते बसते, म्हणून हरकत नसावी.

सबब अशी. आमचे गाव शिडाच्या होड्यांवर आणि बायकांच्या हातांवर जगे. पुरुष मासळी आणत, बायका ती खारवून सुकवत, व्यापारी घाटावर नेत. कोळंबी परदेशी जाऊ लागली तशी इनायतने यांत्रिक बोट घेतली. मी जमातीचा पुढारी. किनाऱ्यालगत जाळे ओढू नकोस, असे त्याला बजावले होते. त्याने समुद्राचा तळ खरवडला. मासळी बर्फातून थेट मुंबईला जाऊ लागली, खळी ओस पडली. शेवटी त्याच्या बोटीने कनीजचे जाळेही फाडून नेले. मी माफी मागायला गेलो, तर तिने मलाच चटई अंथरली. इनायत म्हणाला, "अब्बा, दर्या कुणाच्या बापाचा नाय." मी बंदर सोडले.

३. पण माझ्याआधीच निम्मे बंदर इथे येऊन पोचले होते. जाळी विणणारे हात कंपनीत लेथवर आहेत, कनीज कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. जुम्म्याला मी शेवटच्या रांगेत उभा राहतो. गाववाल्यांनी मला सलाम केलेला सोसत नाही.

४. ~~मला इथेच दफन करावे. गावच्या कबरस्तानात जागा मागायला मला तोंड नाही.~~

हे कलम मी खोडले आहे. मसुदा वाचून दाखवताना कनीज हजर होती. ती म्हणाली, "चाचा, तुमी इथं झोपलात तर तो सुटला. तुमाला गावातच नेऊ. सगळ्यांसमोर खांदा देऊ दे त्याला."

म्हणून मला खारबंदरला न्यावे. पहिला खांदा इनायतने द्यावा. त्याला कोणी अडवू नये, कोणी बोलू नये.

वाचून, समजून सही केली.
मीरासाहेब दाऊद

साक्षीदार, दोघेही शेजारी:
१. हिंदुराव लांडे
२. जयसिंग वाघेरे

कासारवाडी, १४ नोव्हेंबर १९७९