शिट्टीत बुडालेला शब्द

१० डिसेंबर १९८३, गुलबर्गा

शरणम्माला काढलं. पंचांना शिवी दिली म्हणून. नुसतं आजच्या मॅचमधून नाही — चौकशी होईपर्यंत सगळ्या स्पर्धेतूनच निलंबित.

आणि दिली कधी? कालच मी सगळ्या टीमला होस्टेलच्या व्हरांड्यात बसवून खिलाडूवृत्तीवर बोलले होते. ‘मैदानावर अपशब्द काढणं हा आत्म्याचा पराभव आहे’ — हे माझं वाक्य. आत्मा मी मानत नाही. छप्पन सालापासून आमच्या घरात कुणीच मानत नाही. पण वाक्यात बसला म्हणून राहू दिला.

शरणम्मा तेव्हा अगदी पुढे बसून शेंगा फोडत होती. ऐकत असावी असं मला वाटलं होतं.

११ डिसेंबर

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

आमचं बी.एड. कॉलेज. मुलींची बास्केटबॉल टीम सात जणींची, त्यातली खेळणारी एकच — शरणम्मा. आळंदच्या लिंगायत शेतकऱ्याची मुलगी. इतकी उंच की मेसच्या दारातून वाकून आत येते. बाकीच्या आम्ही सहा जणी तिच्यापर्यंत बॉल पोचवण्यापुरत्या. मी कॅप्टन झाले ती खेळामुळे नाही. बक्षीस घेताना चार शब्द बोलणारी कुणीतरी हवी, असं प्रिन्सिपॉलबाईंना वाटलं. बक्षीस अजून मिळालेलं नाही. चार शब्द तयार आहेत.

काल काय झालं? दुसऱ्या हाफमध्ये बॉल माझ्या हातात आला, तोही बास्केटच्या खाली. शरणम्मा मागून ओरडायला लागली, “हाक! हाक!” कन्नडात हाक म्हणजे टाक. मी सीमाभागातल्या कमठाण्याची, कन्नड मला लहानपणापासून येतं. पण हातात बॉल आला की माझं डोकं मराठीत जातं, आणि मी विचार करते — कुणाला हाक मारू? तोवर समोरच्या मुलीने बॉल हिसकावून नेला. माझ्या मते ढकलून नेला. पंचांनी फाऊल दिला नाही. शरणम्मा तावातावाने पंचांच्या अंगावरून पळत गेली आणि तिच्या तोंडून निघालं, “मुंडे —” तेवढ्यात शिट्टी.

पंच म्हैसूरकडचे. त्यांचं म्हणणं, पुढचा अर्धा शब्द त्यांच्या शिट्टीत बुडाला. पुरता शब्द ‘मुंडेमगा’. मुंडे म्हणजे रांडमुंड बाई, आणि मगा जोडलं की तिचा लेक. झालं, लिहिला एकदाचा. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिला. कॉलेजात सकाळपासून सगळे ‘तो शब्द’ एवढंच म्हणतात.

मला राग शिवीचा नाही. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची टीम निवडणार, त्यात शरणम्माचं नाव नक्की होतं. नाव लागलं तर सिकंदराबादला रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या चाचणीला बसता येतं. नोकरी लागली तर तिचे अप्पा काही बोलणार नाहीत. नाही लागली तर हुमनाबादचं स्थळ ठरलेलं आहे. निलंबित मुलीची कसली निवड!

१२ डिसेंबर

तिच्याशिवाय प्रॅक्टिस. आमचे कोच बसवंतप्पा सर म्हणाले, “शरणम्मा कुठं उभारती ते विसरा आता.” आम्ही विसरलो नाही. सवयीने बॉल तिच्या जागेवर टाकत राहिलो. जागा रिकामी. बॉल सरळ जाऊन मैदानाबाहेरच्या भाजीवाल्याच्या गाड्यावर. तो शेवटी म्हणाला, “तायांनो, त्या उंच ताईला बोलवा की, माझी वांगी चेचायलीत.”

१४ डिसेंबर

मॅच. आम्ही नऊ, ते एकतीस. त्या नऊमधला एक माझा, फ्री थ्रोचा. बाबांना फोनवर सांगितलं, मी एक गुण मिळवला. (आमच्या वस्तीतल्या दुकानात फोन आहे, बाबा तिथे येऊन उभे राहतात.)  ते म्हणाले, “शंभरातला?”

घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. बाबांनी दारावर स्वतःच्या ‘तात्याराव’ या नावाखाली ‘कु. यशोधरा, बी.ए.’ असं रंगवून घेतलंय. खाली जागा सोडली आहे, बी.एड.साठी. त्यांना काय सांगू, की पोरगी इथे गाड्यावर वांगी चेचते?

तरी फायनलला गेलो. गटातल्या पहिल्या दोन टीम जातात, आणि तिसरी टीमच आली नाही म्हणून.

१५ डिसेंबर

आज शोभा मुंडे माझ्या खोलीत लंगडत आली. ही आमच्याच टीममधली, औरादची. दहा तारखेच्या मॅचच्या सुरुवातीलाच पाय मुरगळला, तेव्हापासून पट्टी. येऊन कॉटवर बसली आणि म्हणाली, “कॅप्टन, माझं आडनाव काय?”

“मुंडे.”

“आता डोक्यात शिरलं का? शाळेत कन्नडचे मास्तर हजेरी घेताना माझं आडनाव गाळायचे. नुसतं शोभा म्हणायचे आन् खिडकीतून बाहेर बघायचे. तवापासून मला ठाऊक हाय, माझ्या आडनावात कायतरी हाय.”

म्हणजे शरणम्माने शिवी दिलीच नाही, शोभाला हाक मारली! मी उठून उभीच राहिले. मग आठवलं. “पण तू बेंचवर होतीस.”

“मग? बेंचवरच्या माणसाला हाक मारू न्हाई असा नियम हाय का?”

नियम बघितला. नाही.

१६ डिसेंबर

शरणम्माला विचारलं. “मुंडेला हाक मारलीस का?”

“न्हाई.”

“मग पंचांनाच म्हणालीस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अक्का, कामून एवढं लावून घ्यायलीस? सोड की. झालं ते झालं.”

हे खरं मोठेपण. सुटकेचा रस्ता समोर असताना ही खोटं बोलत नाही. मी म्हटलं, “शरणी, तुझ्या मौनाचा मला आदर वाटतो.” तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली. चादर हलत होती. रडत असावी. मी दिवा मालवून बाहेर आले.

१७ डिसेंबर

तिचे अप्पा आले. बंडेप्पा. पांढरा पटका, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, ती मला दिली. मला म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या. तिला सांगा, रेल्वे राहू दे. हुमनाबादचे लोक संक्रांतीला यायलेत.” शरणम्मा खाली बघून शेंगांचे देठ खुडत होती. मी खूप बोलले — स्त्रीशिक्षण, स्वावलंबन, राज्यघटना. बंडेप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “तुमचं ठरलं का कुठं?”

१८ डिसेंबर

रविवार. विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्याला अडखळले. मुसावादा — खोटं बोलणार नाही. लहानपणापासून दर रविवारी म्हणत आले, कधी अडलं नव्हतं, कारण कधी खोटं बोलायची गरजच पडली नव्हती. आज कळलं.

मंगळवारी चौकशी आहे. कॅप्टन म्हणून मला विचारणार. मुंडेला हाक मारली असं मी म्हटलं तर शरणम्मा सुटते. खरं बोलले तर संक्रांत. शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोरी, कुठं अडकलीस?” मी म्हटलं, “पंच आणि पंचशील यांच्यामध्ये.” त्यांना काही कळलं नाही. मला वाटलं, चांगलं वाक्य आहे, भाषणात घालावं. अशी मी!

२० डिसेंबर

चौकशी झाली.

तीन माणसं बसली होती — अध्यक्ष अमृतप्पा म्हणून एक वयस्कर गृहस्थ, आमच्या प्रिन्सिपॉलबाई, आणि तिसरे सगळं लिहून घेणारे. तो शब्द एकानेही उच्चारला नाही. ‘सदर शब्द’, ‘सदर उद्गार’, ‘ते’. बाईंनी पंचांना विचारलं, “सदर शब्द तुम्ही पूर्ण ऐकलात?”

“अर्धा. अर्धा शिट्टीत गेला.”

“शिट्टी कुणी वाजवली?”

“मीच.”

मग शरणम्माला. “सदर शब्द कुणाला उद्देशून होता?” ती उभी. भिंतीवरच्या घड्याळापर्यंत डोकं. तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच धीर दिला. तिने पुन्हा बघितलं, मी पुन्हा धीर दिला. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मला बोलावलं. मी भाषिक सलोख्यावर तीन पानं लिहून नेली होती. सीमाभागातल्या मुलींच्या तोंडात तीन भाषा कशा एकत्र नांदतात, वगैरे. उभी राहिले आणि पानं टेबलावर पालथी ठेवली. तोंडातून एकच वाक्य निघालं. “सर, तो शब्द पंचांना नव्हता. आमच्याच टीममधल्या एकीला होता.”

मुंडेचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, नाव न घेतलेलं खोटं जरा कमी खोटं असेल. पण मागच्या बाकावरून शोभाने पट्टी बांधलेला पाय वर केला आणि म्हणाली, “मीच ती, सर. मुंडे.” सगळे हसले. पंचसुद्धा. लिहून घेणाऱ्यांना आडनाव लिहावं की नाही कळेना. अमृतप्पा म्हणाले, “तंगी,” म्हणजे धाकटे बहिणी, “लग्न लवकर कर. आडनाव बदलेल.”

निलंबन रद्द. फक्त समज देऊन सोडलं.

२१ डिसेंबर

काल मी खोटं बोलले. विचार करून, ठरवून, एका कमिटीपुढे. रात्रभर तळमळेन असं वाटलं होतं. गाढ झोप लागली. याचीच जास्त लाज वाटते.

शरणम्मा आल्यापासून माझ्याशी फार गोड वागते. माझी भाकरी वाढून घेते, माझे बूट पुसून ठेवते. उपकाराखाली दबली बिचारी. मी म्हटलं, “अगं, मी काही केलं नाही.” ती म्हणाली, “तेच की, अक्का,” आणि बाहेर पळाली.

२६ डिसेंबर

फायनल. चार गुणांनी हरलो. पण शरणम्मा कशी खेळली! प्रेक्षकांतले तुरीचे व्यापारी उभं राहून शिट्ट्या मारत होते. बंडेप्पा आले होते. शेवटपर्यंत बसले नाहीत, उभेच. बाजूच्या माणसाला सांगताना मी ऐकलं — “नम्म हुडगी. आमची पोरगी हाय.”

शेवटी शेवटी बॉल माझ्याकडे आला, पुन्हा बास्केटखाली. मागून “हाक!” मी विचार न करता टाकला. रिंगवर आपटून बाहेर आला, शरणम्माने वरच्या वर धरून आत घातला. मी इतकी खूश झाले की परत पळायचं विसरले.

विद्यापीठाच्या टीमची यादी लगेचच वाचली, पुढच्या महिन्याची वाट बघितली नाही. पहिलं नाव तिचं. सिकंदराबादची चाचणी फेब्रुवारीत. हुमनाबादच्या लोकांना बंडेप्पांनी सांगून टाकलं म्हणे, उन्हाळा जाऊ द्या.

माझे चार शब्द राहिले. उपविजेत्यांना बोलू देत नाहीत.

३ जानेवारी १९८४, आळंद

वेळअमावस्या, शेतात पंगती बसायचा सण. शरणम्माच्या शेतात जेवलो. तिच्या आईने मला पंगतीत आपल्याजवळ बसवून भाज्या-शेंगांची भज्जी वाढली. ताकातल्या अंबिलीचा पेला हातात होता, तेवढ्यात शरणम्मा हळूच म्हणाली, “अक्का, तू कमिटीत खोटं बोललीस म्हणून झुरायलीस ना? तू खरंच बोललीस.”

“म्हणजे?”

“मुंडे बाईला म्हणतेत. पंच बाई हाय का? शिट्टीत काय बुडालं न्हाई. तेवढाच शब्द होता. तुला होता.”

मी पेला खाली ठेवला.

“चारदा हाक म्हणाले. तू बॉल धरून उभी. मग आलं तोंडातून. कमिटीत सांगितलं असतं, तर मी कोण, तू कोण, लोकांनी जात काढून भलतंच जोडलं असतं. म्हणून गप बसले.” मग म्हणाली, “राग आला, अक्का?”

मी म्हटलं, “विचार करून सांगते.”

“बघ,” ती म्हणाली. “ह्याच्यापायीच दिली होती.”