कपाटातली तीन रोपं

केमनिट्स, १६ फेब्रुवारी

प्रिय फाल्क,

आधी नीट बस आणि मग वाच. तुझ्या आईने वयाच्या सत्तराव्या वर्षी तुझ्या जुन्या खोलीतल्या कपाटात गांजा लावलाय. तीन रोपं. आज त्यांचा चोविसावा दिवस. हसायचं तर खुशाल हस, पण म्हातारीला वेड लागलं म्हणून कुणाला फोन करू नकोस. ते पुण्यकर्म खालच्या मजल्यावरच्या झायफर्ट बाईंनी आधीच उरकलंय.

कारण साधं आहे, बाबांचा पाय. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय अचानक फळीसारखा ताठ होतो आणि असा पेटका येतो, की हा एवढा लोहारकाम केलेला माणूस उशी दातात धरतो. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पेटका थांबत नाही, माणूसच थांबतो. परवा बटाटे आणि चक्का खाता खाता चमचा हातात तसाच ठेवून झोपले, जवसाचं तेल सगळं शर्टावर. मी डॉक्टरांना या झाडाबद्दल विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "या वयात, हेन्श्के बाई?" मी म्हटलं, "मग काय थडग्यात गेल्यावर?" कायदा बदललाय आता, प्रत्येक सज्ञान माणसाला घरात तीन झाडं लावता येतात. तो कायदा मी एकेका ओळीखाली पट्टी धरून वाचला, ट्रामच्या नियमांचं पुस्तक वाचायचे तसा.

बी आणलं ते आपोआप फुलणाऱ्या जातीचं. दुसऱ्या जाती दिवस लहान व्हायची वाट बघतात, ही कुणाचीच बघत नाही. वय झालं की फुलते, दिवा कितीही वेळ जळो. बाबा म्हणाले, "तुझीच बहीण दिसतेय." पण दुकानातल्या बाईने बजावलं होतं, की पहिले तीन आठवडे जपा. या जातीचं बालपण एवढंसं असतं, त्यात बसलेला मार भरून काढायला तिच्याकडे पुढे वेळच नसतो. ते ऐकून मी घरी आले आणि पुडी दोन दिवस ओट्यावर तशीच पडून राहिली. लावायला धीर होईना.

मग एका सकाळी बाबांनीच बिया ओल्या कागदात गुंडाळून बशीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या शेपट्या बाहेर. एकदम मोठ्याच कुंड्यांत लावल्या, कारण या जातीला जागा बदललेली खपत नाही. आधी दोन गोल पानं आली, मग कातरलेल्या कडांची, मग तीन बोटांची. दिवा मी फार उंच टांगला होता, त्यामुळे देठ उजेडासाठी मान ताणून दोऱ्यासारखे लांबले. बाबा खुर्चीतून ओरडले, "ट्राउडी, खाली घे तो दिवा, पोरं टाचांवर उभी आहेत!" मी दिवा खाली घेतला, देठांना मातीची भर दिली, छोटा पंखा लावला. वारा हलका लागला की देठ जाड होतो. मधल्या रोपाला माझ्या मायेने बुडवलं. रोज पाणी, रोज पाणी, शेवटी त्याने पानं खाली टाकली. बाबांनी माझ्याकडून झारी काढून घेतली आणि तेव्हापासून पाणी तेच घालतात, चांगल्या हाताने, चमच्याने, कुंडीच्या कडेकडेने. ते रोप बाकीच्या दोघांपेक्षा चार बोटं बुटकं राहिलंय. जगलं मात्र.

झायफर्ट बाईंना म्हणे जिन्यात वास यायला लागला. अरे, वीतभर रोपांना कसला वास! त्यांना खिडकीतला जांभळा उजेड दिसला होता, नाकाने उरलेलं स्वतःच रचलं. गुरुवारी दारावर पोलीस बाई उभी. चाळिशीची, बर्फाने भरलेले बूट. मी म्हटलं, "बूट पुसा आणि या आत." कपाटाचं कुलूप उघडलं. ती म्हणाली, "तीनच ना?" "मोजा," मी म्हटलं, "पस्तीस वर्षं ट्राम चालवली आहे, तीनपर्यंत येतं मला." बाबा खुर्चीत ताठ बसले होते, पायाने नव्हे, मनाने. तिला म्हणाले, "बुटक्याला हात लावू नका, नाजूक आहे." तिने वाकून बघितलं, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "सगळं कायद्यात बसतंय. कुलूप लावत जा, आजी." आजी! पण गेली बिचारी हसत.

मी तिच्या मागोमाग जिना उतरले. झायफर्ट बाई दार किलकिलं करून उभ्याच होत्या. मनात अशी वाक्यं धार लावून तयार होती, की त्यांनी पुन्हा कधी टेलिफोनकडे बघितलं नसतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. तुमच्याच भल्यासाठी." मी तशीच वर आले. घराच्या मालकांचं पत्र आलं तर उत्तर मी लिहून ठेवलंय, त्याची चिंता नाही. दार तोडून आले तरी ही रोपं या घरातून हलणार नाहीत. पण त्या बाईला मी उत्तर देऊ शकले नाही. का ते तुला सांगायचं आहे.

बावीस वर्षांपूर्वी त्याच कपाटात तुझी चार होती. पोलीस आले, कारखान्यातली तुझी शिकाऊ उमेदवारी गेली, कोर्ट झालं. दारात बॅग घेऊन तू बाबांना म्हणालास, "स्वतःच्या पोराला धरून दिलंत." ते काही बोलले नाहीत, आणि तू थेट नॉर्वे गाठलंस. तेव्हापासून दर रविवारी माझ्याशी बोलतोस, आणि फोन बाबांनी उचलला की ठेवून देतोस.

काल सकाळी रोपांच्या पेरांशी पहिले पांढरे केस दिसले, म्हणजे आता फुलणार. बुटक्यालाही आले. बाबा ते बघून म्हणाले, "फाल्कची पण अशीच होती का गं? मी तेव्हा नीट बघितलीच नाहीत." फाल्क, त्यांनी बघितली नव्हती, कारण त्यांना ठाऊकच नव्हती. फोन मी केला होता. सकाळची पाळी संपवून, डेपोतून. माझ्या बरोबरीच्या ड्रायव्हरचा मुलगा त्याच महिन्यात नशेच्या सुईने गेला होता आणि मी घाबरले होते. वाटलं, पोलीस कान पिळतील आणि जातील. तू निघालास तेव्हा मी स्टेशनवर धावणार होते, बाबांनी मनगट धरलं. "राहू दे, ट्राउडी. पोराला घरातलं एक तरी माणूस बोलायला राहू दे." आणि मी राहू दिलं, कारण ते मला सोयीचं होतं. त्यांनी माझ्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं होतं, ते आज मी त्यांना न विचारता मोडतेय. पुरे झालं. हे माफीपत्र नाही, माफी द्यायची की नाही ते तुझं तू बघ. पण बावीस वर्षांचा तो राग माझा आहे, मला परत दे, मी समर्थ आहे. येत्या रविवारी मी दिवसभर हायड्रून मावशीकडे त्स्विकाऊला जाणार आहे, मुद्दाम. फोन बाबांच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवून जाईन. उचलायला त्यांना वेळ लागतो. वाजू दे.

तुझीच, तुझ्या रागाची खरी धनीण,
आई