चिंचेत परगटलेली आई

तीर्थरूप बिरदेवमामांच्या चरणी जावई सोमनाथचा अवसरीहून दंडवत. मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि उरलेली मेंढरं, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. हिरा बाळंतपणाला तुमच्याकडे आहे, म्हणजे तीही ठीकच असणार. (फोनवर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून तुमच्या आणे गावाला निघालेल्या जानकूच्या हाती ही चिठ्ठी.)

आमचं झाडांचं काम चाललंय. लोकांना वाटतं, दोर बांधला, वर चढलं, कटर चालवलं की झालं. खरं तर निम्मा वेळ झाडाच्या मालकाशी वाद घालण्यात जातो आणि उरलेला झाडावरच्या मुंगळ्यांशी. त्यातल्या त्यात मुंगळे समजूतदार.

मध्यंतरी इथल्या भिमाजीभाऊंनी बोलावलं. त्यांच्या चिंचेची एक दांडगी फांदी गोठ्यावर आलेली. कोयत्याच्या पाठीनं ठोकली, तर रिकाम्या पिंपासारखी वाजली; आतून सगळी पोकळ. आपल्या रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी बुंध्याला हळदकुंकू लावून झाडाला सांगितलं, उद्या येतो, पाखरांना हलवून घे. (ही रीत तुम्हीच शिकवलेली, तेव्हा पुढच्या प्रकारात थोडा वाटा तुमचाही.)

सकाळी जातो तर चिंचेखाली अर्धी आळी गोळा. भाऊंच्या आई कुशाबाईंनी पहाटे ते कुंकू पाहिलं आणि झाडात देवी आली म्हणून हाकाटी केली. बुंध्याला शेंदूर, हार, हिरवी साडी, पुढ्यात नारळांचा ढीग. मी म्हणालो, "मावशी, ते कुंकू म्या लावलंय काल."

"तुज्या हातनं आईनंच लावून घेतलं, बाबा. तुला काय कळतंय?"

आळीकरांनी मला टॉवेल-टोपी दिली आणि दोर आणलाच आहे तर शेंड्याला झेंडा बांध म्हणाले. ज्या झाडाची फांदी उतरवायला गेलो, त्यावर झेंडा बांधून उतरलो.

पुढं वारा नसताना ती फांदी पडली. गोठ्याचा चेंदामेंदा झाला. म्हशी तेवढ्यात पाण्यावर नेल्या होत्या. कुशाबाई म्हणाल्या, "बघा, आईनं म्हशी राखल्या!" भाऊ म्हणाले, "झेंडा तूच बांधला व्हता ना रं?" मी दोघांनाही हो म्हणालो.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

आपला,
सोमनाथ

ता. क. मागच्या भेटीत तुम्ही जेवून लवंडलात, तेव्हा तुमच्या आंब्याची पडवीवरची फांदी ठोकून पाहिली. तीही तशीच वाजली. पण वडिलांनी लावलेल्या झाडाला हात लावायचा न्हाई, असं तुम्ही बजावलेलं. बोलायची छाती झाली नाही. निघताना गुपचूप कुंकू तेवढं लावून आलो.

आणखी ता. क. आत्ता हिराचा फोन आला. तुमच्या आंब्यात आई परगटली म्हणे, मामी रोज दिवा लावतात, आणि बाळाला आशीर्वाद लागावा म्हणून हिराची खाट त्याच फांदीखाली आणलीय. कुंकू माझं आणि फांदी पोकळ, असं सांगितलं तर हिरा हसायलाच लागली. मामा, खाट आधी आतल्या खोलीत न्या, मग मला काय बोलायचं ते बोला. मामींना मात्र कुंकू माझं आहे हे सांगू नका; त्यांचं उत्तर मला पाठ आहे. आई जावयाच्या स्वप्नात आली आणि लेकीची खाट हलवा म्हणाली, एवढंच सांगा.