देवाची टोपी

मी, शेवटी सही करणारी, वय एकोणऐंशी पूर्ण, निवृत्त शिक्षिका, सकाळचा चहा घेऊन आणि चष्मा पुसून स्वतःच्या टेबलाशी हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मला कोणताही संधी सोडवायला सांगावा. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. ते धाडस आजवर कोणी केले नाही, आणि त्याचा परिणाम पुढे येईलच. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम एक. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगा व सून यांना समाईक. कागदोपत्री सुनेचे नाव आधी लावावे. तिची भाषा वेगळी असताना लग्नानंतर तिने मला पहिले पत्र मराठीत लिहिले. मी ते लाल शाईने तपासून परत पाठवले. दुसरे आले नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमते.

कलम दोन. मोठी निळी बॅग माझ्या नणंदेला. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको मिशनच्या कामासाठी परदेशातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, निघालो, तेव्हा ती म्हणाली, "साठी उलटल्यावर कसले मिशनरी? चार दिवसांत कंबर धरून परत याल." आम्ही तीन वर्षे राहिलो. बॅगेचे एक चाक मोडले आहे. ती उचलून नणंदेला कुठे जायचे नसते, तेव्हा तक्रार येऊ नये.

कलम तीन. यजमानांची हत्यारांची पेटी, आतल्या पकड, पान्हे आणि हातोडीसह, आमच्या इथल्या प्रार्थनागृहाची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना. तिकडे परदेशात आम्ही प्रार्थनागृहाच्या वरच, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. यजमान सकाळी खाली जाऊन साठ खुर्च्या मांडत आणि डुगडुगणाऱ्यांचे स्क्रू आवळत. मी स्वयंपाकघरात दोरीवर कपडे वाळत घालून त्या भाषेच्या व्याकरणाला बसत असे. दुपारी बसने आजाऱ्यांना भेटायला जायचो. मी वचन वाचायची. हे उशी सारखी करायचे, खिडकी किती उघडू ते विचारायचे. मंगळवारचा स्त्रियांचा वर्ग माझा. पहिल्या दिवशी यजमान माझ्या कानाशी म्हणाले होते, "चला, माझ्या मंडळीला एक मंडळी मिळाली."

कलम चार. कपाटातली लाल वही. भाषेची परीक्षा मी सहा महिन्यांत दिली. यजमान ती भाषा पावाच्या दुकानात आणि जिन्यात शिकले. त्यांच्या चुका मी या वहीत तारीखवार उतरवल्या, त्यांचे आख्खे वाक्य आणि खाली शुद्ध रूप. एकूण दोनशे चौदा.

शेवटची नोंद दुसऱ्या हिवाळ्यातली. रविवार होता, साठही खुर्च्या भरलेल्या. यजमान डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करत होते. त्या भाषेत 'कृपा' आणि 'टोपी' हे शब्द सारखेच; फक्त कृपेतला स्वर दीर्घ, टोपीतला ह्रस्व. ते म्हणाले, "देवा, बाहेर फार थंडी आहे. या सगळ्यांच्या डोक्यावर तुझी टोपी असू दे."

कोणीही हसले नाही. पुढच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, आजारपणात त्यांचे सगळे केस गेले होते. त्या स्पष्टपणे "आमेन" म्हणाल्या. आणि मी तिसऱ्या रांगेतून म्हटले, "दीर्घ. स्वर दीर्घ आहे."

यजमानांनी डोळे उघडले, "दीर्घ," असे म्हटले आणि खाली बसले. प्रार्थना अर्धीच राहिली.

जिन्यात मी त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही देवाकडे टोपी मागितलीत."

"मिळाली असती गं."

"आपल्याकडे टोपी घालतात ती फसवायला. मंडळीला काय वाटलं असेल?"

"मंडळीला काही वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "माझ्या मंडळीला वाटलं."

उरलेले एकोणीस महिने त्यांनी खुर्च्या मांडल्या, नळ दुरुस्त केले. त्या भाषेत मोठ्याने प्रार्थना केली नाही. घरी परतल्यावर जेवणाच्या टेबलावरही म्हणायचे, "तू कर. तुझं शुद्ध असतं." ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. रागावले असते, तर मी वाद घालून जिंकले असते आणि विसरले असते. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांना म्हटले, "एकदा तुमच्या शब्दांत प्रार्थना करा ना." हसून म्हणाले, "आता चुकलं तर दुरुस्त करायला वेळ नाही गं."

ही वही शिवणकामवाल्या बाईंना पाठवावी. मी ती दोनदा जाळायला काढली होती. पण यजमानांचे त्या भाषेतले बोलणे जगात तेवढ्या एकाच जागी लिहिलेले आहे.

कलम पाच. यजमान गेल्यावर त्याच बाईंचे पत्र आले. हिवाळ्यात निरोप घेताना तिथली माणसे अजून एकमेकांना यजमानांचे ते वाक्य म्हणतात. ते प्रार्थनागृहाच्या दारावर पाटी करून लावायचे आहे. "शब्द तपासून द्या, बाई. तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही रंगवणार नाही."

हे पत्र चार वर्षे शब्दकोशाखाली आहे. शुद्ध शब्द लिहिण्याचे तोंड मला राहिले नव्हते आणि अशुद्ध लिहायला हात धजेना. माझे उत्तर असे: टोपी. स्वर ह्रस्व. तसेच रंगवावे. सुनेने हे उत्तर माझ्या पश्चात त्यांना कळवावे.

दुरुस्ती. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. खालच्या मजल्यावरचे लाँड्रीवाले वीस वर्षे आमचे कपडे इस्त्री करत आले आहेत. ऐकून म्हणाले, "बाई, तुमच्या मरणाची वाट त्या माउलीला कशाला बघायला लावता? पाटी कोरी घेऊन बसली असेल ती तिकडे." सबब कलम पाचमधले सुनेने 'माझ्या पश्चात' कळवण्याचे वाक्य खोडले आहे. उत्तराचे कार्ड मी दोघांसमोर लिहिले आणि लाँड्रीवाले ते जाता जाता पोस्टात टाकणार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, म्हणून त्यांचे आभार तोंडीच मानले.

ठिकाण: माझे खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: नऊ, शुक्रवार, दुपारचे टपाल निघण्यापूर्वी.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली:
१. साक्षीदार, शेजारच्या निवृत्त परिचारिका (सही)
२. साक्षिदार, लाँड्रीवाले (सही)

टीप. क्रमांक दोनमधली ह्रस्व 'क्षि' मी पाहिली आहे. ती तशीच राहू द्यावी.