चुडामणकाकांची सात वाक्यं

गुरुवार, ५ जानेवारी १९९५. जळगाव

झालं ते असं :

१. सकाळी साडेदहाला टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात, जिथे मी काम करते, धुळ्याहून चुडामणकाकांचं पार्सल आलं.

२. आत दोन कॅसेट. एक व्हिडिओ — 'लांबचं स्टेशन', जुनी रशियन अंतराळफिल्म, डाग-ओरखडे काढून नव्याने बाजारात आणलेली. काकांच्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने पाठवली. खाली इंग्रजी ओळी.

३. दुसरी ऑडिओ. एप्रिल १९७९. धुळ्यात हीच फिल्म दाखवली तेव्हा काका माइकवर एकेक वाक्य मराठीत सांगत होते, त्याचं रेकॉर्डिंग.

४. काम : काकांचा तो आवाज या चित्रावर बसवणे. २९ तारखेला, रविवारी, त्यांच्या शाळेतल्या मुलींना दाखवायची आहे.

५. एकेचाळिसाव्या मिनिटाला स्टेशनातली हवा गळू लागते. बाई झडपेपाशी जाते. काकांचा आवाज : "दाब चारवर आलाय. झडप मी बसवलीय, मीच उघडणार." खाली इंग्रजीत : मला यातलं काही कळत नाही. काय करू ते सांगा.

६. मी मशीन बंद केलं.

शुक्रवार, ६

१९७९ साली, धुळ्यातल्या त्या खेळाच्या वेळी, मी अकरा वर्षांची होते. काकांनी आम्हा सगळ्यांना एदलाबादहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं — आबा, आई, अक्का, मी. पडद्यावरच्या त्या बाईला पाहून मी काय व्हायचं ते ठरवलं. पॉलिटेक्निकच्या मुलाखतीत "इलेक्ट्रॉनिक्सच का?" असं विचारलं तेव्हा तीच डोळ्यांपुढे होती. "आवड आहे," एवढंच म्हटलं.

काकांना रशियन येतच नसावं. पुण्यात वर्षभर शिकलो म्हणतात. ठोकून दिलं असेल.

शनिवार, ७

अंदाज नको म्हणून मोजलं. त्या दिवशी रीळ बदलायला दोनदा थांबले होते. एकदा तीन मिनिटं, एकदा पाच. तेवढं सोडलं की आवाज आणि चित्र जुळतं.

मालक लालचंदशेठ दोनदा डोकावून गेले. "कुंदाबाई, इथे तीन टीव्ही उघडे पडलेत आणि तुम्ही रशियात."

"अर्ध्या तासात परत येते."

"या. पण तिकडून गिऱ्हाईक घेऊन या एखादं."

एकशे अठरा वाक्यं तपासली, शेवटची दहा मिनिटं राहिली. एकशे अकरा बरोबर. काही तर इंग्रजीहून चांगली. सात चूक — आणि सातही त्या बाईचीच. ती तंत्रज्ञ नाही. कमांडरची बायको आहे, सोबत म्हणून आलेली. झडप कशी उघडायची ते नवरा तिला रेडिओवरून सांगतो. त्या वेळी काका गप्प आहेत.

म्हणजे काकांना रशियन येतं. म्हणजे ही चूक नाही.

रविवार, ८

सुट्टी. तरी दुकान उघडून तोच प्रसंग पुन्हा पाहिला. तिचा हात थरथरतो. ओठ कोरडे पडलेत. धुळ्याच्या प्रिंटवर एवढे ओरखडे होते की चेहरा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. आता सगळं लख्ख दिसतं. ती घाबरलेली आहे.

मग मी कुणासारखी व्हायला निघाले होते?

सोमवार, ९

काकांना पत्र. सात जागा, मिनिट-सेकंदांसह. दोन मार्ग कळवले : (अ) त्यांचा आवाज तसाच ठेवून इंग्रजी ओळींवर काळी पट्टी टाकायची, (ब) सात वाक्यं नव्याने, खरी रेकॉर्ड करायची. मुलींना इंग्रजी वाचता येतं, हेही लिहिलं.

'हे माझ्यासाठी केलं होतं का?' — ही ओळ खोडली. मग पूर्ण कागद बदलला. खोडलेलंही वाचता येतं.

गुरुवार, १२

अक्का आली. बोदवडहून सकाळच्या पॅसेंजरने, सासूबाईंचे डोळे दाखवायला. त्यांना दवाखान्यातल्या रांगेत बसवून पंधरा मिनिटं दुकानात येऊन गेली. मला आधी वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"हाडं मोजून ठेव एकदा. नाही तरी तुले मोजायची लय आवड हाये."

चाचणीसाठी चित्र चालू होतं. आवाज बंद. बाई झडपेपाशी गेली आणि अक्का हळूच म्हणू लागली — "दाब चारवर आलाय. झडप मी बसवलीय, मीच उघडणार." पुढचीही. क्रमाने, एकही शब्द न चुकता. सोळा वर्षांनी.

"तुला पाठ आहे?"

"भाकरी थापताना म्हणते कधी कधी. कोनाले सांगू नको." मग पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हात काहून थरथरतो व तिचा?"

"प्रिंट साफ केलीय," मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं. तिला ते कळलं असावं. पिशवी उचलून निघाली.

शुक्रवार, १३

काकांचं पत्र नाही.

सोमवार, १६

आलं. उतरवून ठेवते.

"चि. कुंदास आशीर्वाद. सात नव्हेत, आठ. आठवं तू तपासलंस त्याच्या पुढे, शेवटच्या दहा मिनिटांत आहे. चूक नाही, मुद्दाम केलं. त्या वेळी बेबीची दहावीची परीक्षा होऊन आठ दिवस झाले होते. गणितात मी तिच्या तोडीची मुलगी वर्गात पाहिली नव्हती. तिची सोयरीक जमत आली होती आणि भाऊ माझं ऐकत नव्हते. म्हटलं, पडद्यावरच्या बाईचं तरी ऐकतील. सगळ्यांना धुळ्याला बोलावलं ते त्यासाठी. भाऊंनी फिल्म पाहिली, चहा घेतला आणि मे महिन्यात तिचं लग्न लावलं. पाच वर्षांनी तू दहावी झालीस तेव्हा आपणहून म्हणाले, हिला शिकवू, त्या रशियन बाईसारखी. मी काय बोलणार? पट्टी टाकायची की नाही, ते तू ठरव."

भाऊ म्हणजे आबा. बेबी म्हणजे अक्का.

त्या दिवशी मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. एवढंच.

मंगळवार, १७

दोन टीव्ही दुरुस्त केले. कॅसेटला हात लावला नाही. (अ) का (ब) — दोन्ही मांडून पाहिले. माझं मत निघत नाही.

बुधवार, १८

सकाळच्या टपालाने बोदवडला पत्र टाकलं. नक्कल :

"अक्का, ती बाई इंजिनिअर नव्हती. तिला काही येत नव्हतं, म्हणून हात थरथरत होता. काकांनी तिच्या तोंडची वाक्यं बदलली, तुला पुढे शिकू द्यावं म्हणून. आबांना ऐकवायची होती. त्यांना पटली तोवर तू बोदवडला होतीस, आणि शिकले मी. हे मला परवा कळलं. रविवारी २९ तारखेला धुळ्यात मुलींना खरी वाक्यं ऐकवायची की काकांची, हे काकांनी माझ्यावर सोडलंय. ते ठरवायचं तू. मंगळवार, २४ पर्यंत कळव. — कुंदा"