सुस्काऱ्याची नळी

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. थंडी कशी आहे विचारलंस, तर परवा ओले मोजे दाराबाहेर विसरलो आणि सकाळी ते काठीसारखे ताठ झाले होते. भिंतीला टेकवून उभे करता आले.

कामाचं म्हणशील तर व्हॅन चालवणं सोपं आहे, पण व्हॅन सोपी नाही. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी लॉन्ड्रीत आणायच्या आणि धुतलेल्या परत न्यायच्या. अंतर एवढंसं, की इंजिन तापतं न तापतं तोच बंद करायची वेळ येते. गेल्या आठवड्यात दोनदा ऑइल बघायची पट्टी आपोआप वर उसळली आणि ऑइल बाहेर आलं. दोन्ही वेळा नेमकं हॉस्पिटलच्या दारात. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय धरली आहे. तशी साय आपल्याकडे फक्त दुधावर बघितली होती.

लॉन्ड्रीच्या मालकीणबाई म्हणतात, तू ऑइल जास्त ओततोस आणि गाडी पिळतोस. आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी याच कारणावरून काढलं. आता पुन्हा दारात ऑइल सांडलं तर किल्ली टेबलावर ठेवायची, असं शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबांना विचारू नकोस. मी निघताना ते म्हणाले होते, थंडी संपायच्या आत परत येशील. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. नाक कापून घेऊन परत यायची माझी इच्छा नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये तूही उभी असतेस, तेव्हा तूच काय ते सांग.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो ऑइलसारखा गळू देऊ नकोस.

तुझा
बारक्या


१९ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

मोज्यांचं वाचून आई आधी हसली, मग पोरगा अनवाणी फिरतोय की काय म्हणून लोकर काढून बसली. पार्सल येईल. रंगाबद्दल तक्रार करायची नाही.

इंजिन चालतं तेव्हा थोडा धूर आणि वाफ त्याच्या पोटात उतरते. ती बाहेर सोडायला एक नळी असते. तुझ्याकडच्या गारठ्यात ती वाफ नळीतच गोठून बूच बसत असणार. बाहेर जायची वाट बंद झाली की पोटात दाब वाढतो आणि मिळेल तिथून ऑइल उसळतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसलाच प्रकार. ती साय म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. तेव्हा नाकाला ऊब दे. काहीतरी लोकरीचं गच्च गुंडाळ.

बाबांना विचारलं नाही. पण तुझी पत्रं मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचते, हे तुला माहीत आहे. ते पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटलं नाही.

जपून राहा. आमचा जीव तुझ्यात अर्धा आणि त्या व्हॅनमध्ये अर्धा आहे.

ताई


३० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. रंगाबद्दल बोलत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे माझा मफलर नाकाला गच्च बांधला. एअर फिल्टरचं तोंड पुरतं झाकून टाकलं. गाडी खोकायला लागली आणि मागून असा काळा धूर, की हॉस्पिटलच्या वॉचमनने विचारलं, आग कुठे लागली? आणि एवढं करून ऑइल पुन्हा आलंच. नशीब, या वेळी लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात. मालकीणबाई यायच्या आत बॉयलरवाल्याने त्यावर लाकडाचा भुसा टाकला. तो भला माणूस आहे, पण दर वेळी माझ्यामागे भुसा घेऊन धावणार नाही.

ताई, नाकाला अजून किती ऊब द्यायची? मला आता किल्ली फिरवायचीच भीती वाटते.

उत्तर लवकर दे. राग नाही, नुसती घाई आहे.

बारक्या


८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आधी तो मफलर सोड.

तुझं पत्र वाचत होते. एअर फिल्टरपर्यंत आले आणि बाबांनी पेपरची घडी घातली. चष्मा काढला. म्हणाले, “नाकातून श्वास आत जातो. बाहेर पडतो तो सुस्कारा.” मग आईकडे बघून विचारलं, आपल्या दोन्ही पोरांना आपण काय शिकवलं?

चूक माझी. त्यांच्या भाषेत एअर फिल्टरचं तोंड म्हणजे नाक, आणि मी सांगत होते ती सुस्काऱ्याची नळी. म्हण लिहायच्या नादात मी भलतंच नाक तुझ्या हातात दिलं. गंमत बघ, रोज त्यांच्याशेजारी उभी राहून मी त्यांचे शब्द विसरले आणि घर सोडून गेलेल्याच्या ते लक्षात राहिले. हे मी मोठ्याने म्हटलं. त्यांनी पाना बाजूला ठेवावा तसा पेपर बाजूला ठेवला आणि मला लिहून घ्यायला सांगितलं.

नळी कुठे झोळ खाते का बघ. झोळात पाणी साचतं आणि पहिला बर्फ तिथेच धरतो. झोळ काढून ती सरळ उताराने खाली आण, वाटेत हीटरच्या गरम पाण्याच्या पाइपाला चिकटवून बांध आणि वरून फोम चढव. टोक वाऱ्याच्या तोंडी नको. आणि वर, बॉनेटच्या आत जिथे उबदार असतं तिथे, नळीला नखाएवढी चीर पाड. खालचं टोक गोठलं तरी सुस्कारा तिथून सुटेल. तुझं इंजिन जुनं आणि नळी खाली उघडी सुटणारी असेल, तरच हे चालतं. नळी परत इंजिनातच जात असेल तर चीर पाडायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. साय आलेलं ऑइल बदल, आणि रोज एकदा तरी गाडी लांबच्या रस्त्याने नेऊन चांगली तापव.

हे बाबांनी सांगितलं असं लिहू का, म्हणून विचारलं. म्हणाले, गॅरेजने सांगितलं असं लिही.

वाट पाहते आहे. नुसती मीच नाही.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झोळ सापडला. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा, मधोमध. नळी काढून आपटली तर आतून गाजराएवढा बर्फ पडला. तो मी मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. वितळेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, आधीच्या ड्रायव्हरला निरोप पाठवायला हवा.

गॅरेजने सांगितलं तसं सगळं केलं. त्यानंतर सगळ्यांत कडक आठवडा गेला. एका सकाळी खालचं टोक पांढरं होऊन बंद झालं होतं, पण वरच्या चिरेतून बारीक वाफ येत होती आणि पट्टी जागच्या जागी. मी बॉनेट उघडून जरा वेळ नुसता उभा राहिलो. हॉस्पिटलचं दार कोरडं आहे. किल्ली माझ्याच खिशात आहे, आणि आता ती रात्रीही घरी नेतो.

रस्त्याकडेचा बर्फ वितळायला लागला. गॅरेजला माझा नमस्कार सांग. गॅरेज माझी चौकशी करत नाही, तरी मी बरा आहे असं कळव.

बाबांचं टोक गोठलं तरी तुझ्याकडून वाफ सुटते; तुझी चीर अशीच उघडी असू दे.

बारक्या


१४ मार्च

चि. बारक्या,
अ. उ. आ.

नळीचा बर्फ मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवलास, ते ठीक केलंस. खाली ताटली ठेवायला हवी होती.

चीर सुरीने पाडली असशील तर तिचे कोपरे फाटत जातील. दोन्ही टोकांना बारीक गोल भोक कर. थंडी गेली म्हणून ती बुजवू नकोस.

थंडी संपायच्या आत परत येशील, असं मी म्हणालो होतो. थंडी संपली. आता ये. पण रजा काढून ये, किल्ली टेबलावर ठेवून नको.

गॅरेजतर्फे,
बाबा